फायबरचे दरवाजे बसवताना: भोक सगळ्यात शेवटी

रोजच्या गाडीला फायबरचे दरवाजे लावू नका. गाडीत मूळ रचनेबाहेरचे फेरफार रोखणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतंच, शिवाय पत्र्याच्या दरवाजातला आडवा बार बाजूने बसणारी धडक झेलतो. फायबरच्या कवचात तो नसतो. त्यामुळे फक्त ट्रॅकची गाडी, आणि आधी दरवाजापाशी आडवे पाइप असलेला रोलकेज, म्हणजे गाडीच्या आतला स्टीलच्या पाइपांचा पिंजरा. केज नाही तर दरवाजाचा विषयही नाही.

माझी गाडी जुनी मारुती एस्टीम. काचेसकट पत्र्याचा दरवाजा वीस किलोच्या आसपास, फायबरचा त्याच्या निम्म्याहून हलका. जुना काढायला अर्धा तास पुरतो. काढण्याआधी चहूबाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि पुढचा फेंडर उतरवा.

आता बिजागरी. सगळे सांगतात, ‘जुन्या दरवाजावरून भोकं उतरव आणि बोल्ट मार.’ मीही तेच केलं, वर एअरगनने आवळलं. कर्र आवाज आला आणि जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, चांदणीसारखी चीर उमटली. पुढच्या ऑटोक्रॉस शर्यतीला दुसऱ्याच वळणावर दरवाजा बोटभर खाली आला आणि उघडला. दरवाजाचा साचा कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीवरून काढलेला असतो. तुमच्या गाडीच्या चौकटीवर वीस वर्षांचे डेंटर हात फिरवून गेलेले असतात. भोकं जुळतीलच कशी?

म्हणून उलटं करा. नव्या दरवाजात आधी लॅच (कुलपाची खिट्टी) बसवा. ती ज्यात अडकते त्या चौकटीवरच्या स्ट्रायकरला हात लावू नका. दरवाजा बंद करून लॅच अडकवा, फटींत पुठ्ठ्याचे तुकडे कोंबा आणि मोजून ठेवलेल्या फटी मिळेपर्यंत सरकवा. तिथेच टेपने बांधा. मग बिजागरीच्या पानाला जुनी लिपस्टिक फासून ते दरवाजाच्या कडेवर दाबा. भोकांचा छाप मिळतो. तिथे आधी ३ मिमीचं भोक, मग मोठं.

फायबर नुसतं आवळलं की चिरडतं. आतून ३ मिमी जाडीची तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीने चिकटवा आणि प्रत्येक भोकात फायबर व पट्टी मिळून होणाऱ्या जाडीइतकी स्टीलची बुश (छोटी नळी) घाला, म्हणजे बोल्टचा दाब बुशवर येतो. चिकटवल्यावर चोवीस तास दरवाजाला हात नको. आवळायचं हाताच्या पान्ह्याने. दरवाजा कार्बनचा असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी थेट लावू नका, गंजते. मध्ये काचेच्या कापडाचा एक थर द्या.

फायबर घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क. त्याच्या धुळीने सुटणाऱ्या खाजेला थंड पाण्याशिवाय दुसरा उतारा मला सापडलेला नाही.

खिडकीला काचेऐवजी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक. उन्हात ते फुगतं, म्हणून स्क्रूची भोकं थोडी मोठी ठेवा. थिनरने पुसलंत की दुधाळ होऊन तडकतं, आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात त्या थ्रेडलॉकरचा थेंबही त्याला चालत नाही.

शेवटी बाहेरच्या हँडलने दरवाजा पन्नास वेळा उघडून बंद करा. एकदाही अडकला तर गाडी ट्रॅकवर नेऊ नका, कारण गाडी उलटल्यावर ट्रॅकवरचा मार्शल तुम्हाला त्याच हँडलने बाहेर काढणार आहे.