सोया पेंड आंबवायचं काम शिकायचं असेल तर

पशुपोषण किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली मुलं विषय विचारायला आली की मी वराहखाद्य सुचवतो, आणि निम्म्यांचे चेहरे पडतात. आपल्याकडे घरच्यांना सांगायचीही पंचाईत. पण कच्चा माल दाराशी असताना यासारखा विषय सोडू नये. सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, लातूरच्या गिरण्यांतून येते, सरकीची ढेप तर मराठवाड्यात कुठेही मिळते.

डीओसीत 44 ते 48 टक्के प्रथिने असतात, मग आंबवायची कशाला? गिरणीतल्या उष्णतेने प्रथिनांचं पचन अडवणारा ट्रिप्सिन इनहिबिटर बराचसा मरतो. रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा मात्र तशाच राहतात, आणि ग्लायसिनिन, बीटा-कॉन्ग्लायसिनिन ही प्रथिनेही बऱ्याच अंशी टिकतात. नुकत्याच दूध तुटलेल्या पिलांच्या आतड्याला ती सोसत नाहीत. जिवाणू साखरा खातात, मोठ्या प्रथिनांचे तुकडे करतात. सगळ्यात जास्त फायदा लहान पिलांनाच. पन्नास किलोच्या डुकराला आंबवलेली डीओसी घालणं माझ्या मते बहुतेकदा परवडत नाही. त्याच्यासाठी सरकीवर काम करा. तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, डुकराच्या खाद्यात मुक्त गॉसिपॉल 100 पीपीएमच्या (किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या) आत ठेवावं लागतं आणि आंबवल्याने ते कमी होतं. लायसिन हे अमिनो आम्ल मात्र सरकीत मुळातच तोकडं, ते वरून द्यावंच लागतं. कृत्रिम लायसिन ओलं खाद्य आंबवण्याआधी टाकू नका, जिवाणूच फस्त करतात.

प्रत्यक्ष काम हाताने शिकायचं. ओलावा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास हवा: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूला हवा लागते, म्हणून ट्रेमध्ये पातळ थर, 37 अंशांच्या आसपास. दोन दिवसांत बोटाला चिकट तार सुटते. लॅक्टोबॅसिलसला हवा नको; पिशवी घट्ट बांधायची, वायू बाहेर जाईल अशी झडप ठेवायची. आंबट वास आला आणि पीएच पाचाखाली गेला की जमलं. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया आला तर प्रथिनांचा नायट्रोजन उडून चाललाय. मे महिन्यात थर जाड ठेवला तर आतून इतका तापतो की कल्चरच, म्हणजे घातलेले जिवाणूच, मरतं.

आता मुद्द्याचं. आंबवल्यावर क्रूड प्रोटीनची टक्केवारी वाढलेली दिसते आणि प्रबंधात ती मोठ्या अक्षरांत छापली जाते. जिवाणूंनी साखर जाळली, सुकं वजन घटलं, म्हणून उरलेल्या मालात टक्का चढला. प्रथिने हवेतून आली नाहीत. शिवाय केल्डाल पद्धत नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणते, त्यात अमोनियाही प्रथिन म्हणून मोजला जातो. म्हणून आधीचं आणि नंतरचं सुकं वजन लिहून ठेवा, टीसीएमध्ये (ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लात) विरघळणारं प्रथिन, म्हणजे तुटलेले लहान तुकडे, किती ते काढा, जमलं तर अमिनो आम्लांचा अहवाल घ्या. लायसिन किती उरलं ते न सांगणाऱ्या प्रबंधावर मी फार भरवसा ठेवत नाही.

वाळवणं हा अर्धा खेळ. ड्रायर जास्त तापवला तर साखर आणि लायसिन एकमेकांना धरून बसतात. पेंड तांबूस दिसते, डुकराच्या अंगी लागत नाही. पावसाळ्यात उघड्यावर ताडपत्रीवर घातली की बुरशी आणि तिच्यासोबत अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती. चाचण्यांचं वेळापत्रक आखताना जुलै-ऑगस्ट आधी खोडा, आणि गाईडला ते पहिल्याच भेटीत सांगा.