रंगाआधी गच्चीवर चढा: विद्यापीठाच्या इमारतींच्या नूतनीकरणात या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. तरी ऑगस्टात सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर बादली मांडलेली दिसतेच. केगावचं आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 चं; विशी उलटली की इमारती दुरुस्ती मागू लागतात. राज्यांच्या विद्यापीठांसाठी असलेल्या पीएम-उषासारख्या योजनेत केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असा पैसा येतो. तो आला की पहिला डबा उघडतो तो रंगाचा. पहिली चूक तीच.

एका कॉलेजच्या कामावर मी देखरेखीला होतो. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग दिला. पुढच्याच पावसाळ्यात भिंत पुन्हा फुगली. वर जाऊन पाहिलं तर पन्हाळीच्या तोंडात पिंपळ उगवलेला! आमच्या आजीला हे कळत होतं. पावसाआधी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, पांढरी माती पडायची, मग बाकीची कामं. म्हणून अंदाजपत्रकाआधी पन्हाळी बुजवून गच्चीवर चार बोटं पाणी दोन दिवस उभं करा आणि खालून ओल कुठे उतरते ते खडूनं आखा. जुन्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या थरावर, नवा कोबा तर ओतूच नका. गळती तशीच राहते आणि स्लॅबवर ओझं वाढतं.

दुसरी चूक भेगा नुसत्या बुजवण्याची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मे महिन्यात रुंदावते आणि पावसात मिटते का? मग दोष बहुधा खालच्या काळ्या मातीचा. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून एक हंगाम पाहा. पट्टी तडकली तर भेग अजून चालूच आहे, तिथे पुट्टी भरणं व्यर्थ. भिंतीलगतची बाग हलवा आणि जोत्याभोवती बाहेरच्या उताराची फरसबंदी करा. बाग हलवायची म्हटलं की सगळे नाराज होतात, होऊ द्या.

तिसरी चूक मार्चची. निधी परत जाईल या धास्तीनं कामं काढायची आणि काँक्रीट पडायचं एप्रिलच्या उन्हात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारावं लागतं, मिश्र सिमेंटला 10; कोरड्या उन्हात तर साध्यालाही 10. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टँकर आणि ओली पोती निविदेतच धरा.

व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार 1:12, म्हणजे दीड फूट जोत्याला 18 फूट लांबी. जागा नाही म्हणून घसरगुंडी बांधू नका. वातानुकूलन यंत्रं घेण्याआधी जुन्या वायरिंगचा भार तपासा.

ठेकेदाराची अनामत निदान एक पावसाळा सरल्याशिवाय सोडू नका. पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच दिवशी गच्चीवर जा, तारखेसह फोटो काढा आणि ठेकेदाराला पत्र आवक-जावक नोंदवून द्या. गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते, ते मात्र आधीच शोधून ठेवा.