वावरात गाणी ऐकायची तर फाइल कोणती ठेवावी?

रात्रीच्या लायनीवर ओलीत करायला जाताना मोबाइलमध्ये गाणी भरूनच न्यावी लागतात, वावरात नेटवर्कचा भरवसा नाही. मग कार्डातली जागा मोजा. चार मिनिटांचं गाणं ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३मध्ये साधारण १० एमबी घेतं. तेच सीडीच्या दर्जाच्या (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गाळता दाबून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, २५-३० एमबी, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ फ्लॅकमध्ये ८० एमबीच्या आसपास, आणि डीएसडी६४ या आणखी मोठ्या फाइल-प्रकारात तर १७० एमबी!

माझं मत सीडी-दर्जाच्या फ्लॅकला. त्यात मूळ आवाजातलं काहीच गळत नाही. खंजिरीची थाप आणि झांजेची किणकिण जशीच्या तशी येते. ब्लूटूथ इअरफोन असेल तर मात्र एमपी३ पुरे. ब्लूटूथवर आवाज दाबूनच पाठवला जातो; त्यासाठीचा साधा एसबीसी कोडेक (दाबायची पद्धत) ३२८ केबीपीएसच्या आसपासच चालवतो, त्याहून भारी एलडीएसी कोडेकसुद्धा जास्तीत जास्त ९९०. फ्लॅकची खरी मजा वायरच्या इअरफोनवरच.

आणि एक, एमपी३चं फ्लॅक करून देणाऱ्याला पैसे देऊ नका. एमपी३ करताना गळालेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.