वाड्यांचे फोटो जपायला बसण्याआधी

शनिवारवाडा 1828 साली जळाला आणि फोटो काढण्याची विद्या जगासमोर आली 1839 साली. अकरा वर्षांनी हुकलं. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांबाबत आपल्याला ही सबब नाही. दर रविवारी सकाळी आपण हिंडतो, फोटो काढतो, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, आणि त्यातले कितीतरी वाडे आता खाली पार्किंग असलेल्या इमारती झालेत. म्हणून एक दिवस ठरवून सगळे फोटो एकत्र करायचे आहेत. चहा-खारी माझ्याकडे, पण येताना पुढची तयारी करून या.

आधी मूळ फोटो शोधा. ग्रुपवरचा फोटो म्हणजे मूळ नव्हे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि कॅमेऱ्याने आत नोंदवलेली तारीख-वेळ गाळून टाकतं. महिरप ओळखू येते, दारावरच्या गणेशपट्टीखालची कोरलेली अक्षरं मात्र पुसट होतात. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ (WA) असेल तर त्यातल्या तारखेवर विसंबू नका. ती फोटो काढल्याची नसते, फोनवर आल्याची असते. जुने फोन, कॅमेऱ्याची कार्डं, माळ्यावरचा लॅपटॉप, सगळं धुंडाळा. मूळ सापडलाच नाही तर ग्रुपवरचा आणा, नसण्यापेक्षा बरा. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा पोचतो.

आता सगळ्यात वेळखाऊ काम. फोटो टिकवणं त्यामानाने सोपं आहे, त्याखालचं बोलणं टिकवणं कठीण, आणि माझ्या मते मोल त्याचंच जास्त. एका कुलूपबंद वाड्याच्या चौकाचा फोटो मी टाकला होता. त्यावर ग्रुपमधल्या एका काकूंनी लिहिलं, ‘हा आमच्या आजोळचा वाडा. मध्ये सिमेंट दिसतंय ना, तिथे हौद होता, कात्रजच्या नळाचं पाणी यायचं. डावीकडच्या कोनाड्यात आजी पणती ठेवायची.’ फोटोत हौद नाही, पणती नाही, आजी तर नाहीच. काकूंचा मजकूर हरवला तर उरेल एक सिमेंटचा चौक. तेव्हा व्हॉट्सॲपमधून ‘एक्सपोर्ट चॅट’ करून मजकुराची फाइल काढून आणा. फोटोंसकट काढलीत तर मजकुरात प्रत्येक फोटोच्या फाइलचं नाव येतं, आणि कोणतं बोलणं कोणत्या फोटोचं हे जुळवता येतं. सगळ्या वर्षांचं बोलणं त्यात मावत नाही, अलीकडचं तेवढंच येतं. जुनं वर सरकत जाऊन हाताने उतरवावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण त्याला इलाज नाही.

प्रत्येक फोटोसाठी चार ओळी लिहून आणा: पेठ आणि घर क्रमांक, कोणी आणि कधी काढला, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, वाडा आज उभा आहे की पाडला. ‘छान जुना वाडा’ याला ओळ म्हणत नाहीत. शब्दही आधी ठरवून घेऊ. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार. अख्ख्या दरवाज्याला दिंडी लिहिणारे आपल्यात तिघं तरी आहेत. सोपा, ओसरी, पडवी यांतही प्रत्येकाने आपापलं लिहिलं तर पुढे शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोटो आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नाव रोमन अक्षरांत ठेवा, काही जुने प्रोग्रॅम देवनागरी नावांचा चुथडा करतात. ओळी मात्र मराठीतच, आणि त्या डिजिकॅमसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधून फोटोच्या फाइलमध्येच लिहून टाकायच्या. म्हणजे फोटो कुठेही गेला तरी ओळख त्याच्याबरोबर जाते.

परवानगीचं थोडक्यात. फोटोवर हक्क काढणाऱ्याचा, ग्रुपचा नाही. कागदावर सही करून आणा. विकिमीडिया कॉमन्स या सगळ्यांना खुल्या फोटोसंग्रहावर चढवलेला फोटो धंद्यासाठीही कोणी वापरू शकतो, हे समजून मगच त्याला हो म्हणा. देवघर, माणसांचे चेहरे आणि मालक-भाडेकरूंचा दावा चालू असलेले वाडे यांचा गठ्ठा वेगळा ठेवा.

‘ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात टाकू, संपलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी फोटो ठेवायच्या जागांचं काय झालं ते: ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, पिकासा 2016 मध्ये गुंडाळलं गेलं, फोटोबकेटने 2017 मध्ये फुकट खात्यांचे फोटो इतर साइटींवर दिसणं थांबवलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून संपली. चार हजार फोटो, प्रत्येकी 5 एमबी धरले तरी 20 जीबी होतात, आणि फुकट मिळतात 15. ढगात एक प्रत जरूर ठेवू, पण एकच.

बाकीच्या दोन प्रती हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही एका घरात नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये काय झालं ते घरी ऐकलं असेलच, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीचा आंबिल ओढ्याचा पूर तर आपण सगळ्यांनी पाहिलाय. एक डिस्क नारायण पेठेत राहिली तर दुसरी कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. पेन ड्राइव्ह फक्त ने-आण करायला. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्याच्यावर भरवसा नको. दर दिवाळीला दोन्ही डिस्क लावून चेकसम जुळवायचे. चेकसम म्हणजे फाइलवरून काढलेला एक आकडा. फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी तो वेगळा येतो. रोजकीर्द जुळवण्यासारखंच. जुळलं नाही तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घ्यायची.

आणि एक कागद: कोणती डिस्क कोणाकडे, खात्याचा पासवर्ड कुठे, आपल्यानंतर कोण बघणार. गूगल खात्यात निष्क्रिय झाल्यावर माहिती कोणाला द्यायची ते नेमता येतं, तेवढं घरूनच करून या. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं. आपल्यातले एक जुने सभासद गेले तेव्हा त्यांचा फोन घरच्यांनाही उघडता आला नाही. पाडलेल्या तीन वाड्यांचे फोटो त्या फोनमध्ये आहेत, आणि फोन त्यांच्या टेबलाच्या खणात.

येताना आपापला चार्जर आणा. माझ्या हॉलमध्ये प्लग दोनच आहेत, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तोही.