पिकअपचा टर्बो घरच्या अंगणात बदलताना

टर्बो बदलायला एक दिवस पुरतो. तो का गेला, हे कळायला मात्र मला एक नवाकोरा टर्बो गमवावा लागला. म्हणून या लेखात नट-बोल्टांइतकीच जागा त्या ‘का’ला दिली आहे.

आमची डिझेल पिकअप बऱ्हाणपूरहून केळी भरून इंदूरच्या चोइथराम मंडीत येते. बडवाह मागे पडलं की नर्मदाकाठचा निमाड प्रदेश संपत येतो आणि चढण लागते. भेरूघाट चढून सिमरोलला पोचेपर्यंत भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर तापत येते. वर आलो की चहा. कित्येक वर्षं आम्ही टपरीसमोर गाडी लावायचो आणि लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करायचो. पुढे टर्बो गेला. राजेंद्रनगरला घराच्या अंगणात पुतण्याला हाताशी घेऊन नवा बसवला. जेमतेम नऊशे किलोमीटर झाले आणि पुतण्याचा फोन आला, “काका, पुन्हा शिट्टी वाजायला लागली.”

हे का झालं ते समजायला टर्बोचं काम थोडक्यात बघू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतलं. लहान डिझेल इंजिनाच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. एवढ्या वेगात तो बहुतेक गाड्यांमध्ये फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल क्षणभर कमी पडलं की धातूला धातू घासतो. घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं तर ऑइल पंपही थांबतो, दांडा मात्र अजून फिरत असतो आणि शेजारचं सायलेन्सरकडचं घर भट्टीसारखं तापलेलं असतं. आत अडकलेलं ऑइल तिथेच जळतं आणि त्याचा कोळसा होतो. थर रोज थोडाथोडा चढत जातो.

आधी एक खुलासा

“आमच्या छोट्या हत्तीला टर्बो बसवता येईल का?” असं बरेच जण विचारतात. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. त्या जुन्या गाडीत ७०२ सीसीचं, दोन सिलिंडरचं, बिनटर्बोचं इंजिन होतं. माझं उत्तर आहे, बसवू नका. नुसती हवा वाढवून ताकद वाढत नाही, त्या प्रमाणात डिझेलही वाढवावं लागतं. ते वाढवलं की पिस्टन, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची, जोड बंद ठेवणारी पट्टी), रेडिएटर आणि क्लच या सगळ्यांवर ताण येतो. बिनटर्बोच्या जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, मुळातच जास्त असतं, वीसाच्या वर. त्यात आणखी हवा कोंबली तर हेड गॅस्केट फार दिवस टिकत नाही. शिवाय नोंदणीतल्या तपशिलाशी मेळ बसणार नाही असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. तेव्हा पुढची सगळी कृती कंपनीनेच टर्बो दिलेल्या गाडीसाठी, जुन्याच्या जागी तसाच दुसरा बसवण्यासाठी आहे.

टर्बोच गेलाय ना?

गाडी उचल घेत नाही, काळा धूर सोडते, एवढ्यावरून टर्बोला हात लावू नका. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजवरून बोटं फिरवत जा. होजला चीर पडली असेल तर तिथे तेलकट, धूळ बसलेला डाग सापडतो. अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्यूम नळी निघालेली असली तरी गाडी अशीच मरगळते, आणि ती दुरुस्त करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

हे सगळं ठीक असेल तर इंजिन थंड असताना टर्बोचा हवेकडचा पाइप काढा आणि चाकाच्या मधला नट चिमटीत धरा. वर-खाली किंचित हलला तर घाबरू नका, ऑइलवर तरंगणाऱ्या दांड्याला तेवढी मोकळीक असतेच. पाती मात्र घराच्या भिंतीला घासता कामा नयेत. आत-बाहेर ओढून बघा. तो हलल्याचं बोटाला स्पष्ट जाणवलं तर टर्बो संपला. पातं तुटलेलं किंवा वाकलेलं दिसलं तरीही संपलाच. पाइपात ऑइलचा हलका ओशटपणा चालतो, डबकं साचलेलं चालत नाही.

निळा धूर दाट येत असेल तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. टर्बोमधून गळणारं ऑइल जाळत इंजिन आपोआप रेस होऊ शकतं, आणि मग किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. असं झालं तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

सामान

टर्बोवरच्या पत्रीवरचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरचा घ्या. दिसायला सारखा म्हणून घेऊ नका. फक्त आतली कोर (दांडा, चाकं आणि बेअरिंग असलेला मधला भाग) बदलून मिळते आणि स्वस्त पडते, पण ती मशीनवर बॅलन्स केलेली हवी. ती खात्री देणारा मिस्त्री नसेल तर पूर्ण टर्बोच घ्यावा, असं माझं मत आहे.

त्याबरोबर सगळी नवी गॅस्केटं, ऑइलच्या पोकळ बोल्टची तांब्याची वायसरं, मॅनिफोल्डचे (इंजिनातला गरम वायू टर्बोकडे नेणाऱ्या फाट्यांच्या पाइपाचे) नवे नट, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर आणा. ऑइल पुरवणारी नळीसुद्धा नवीच. मी पहिल्या वेळी हीच बदलायची सोडून दिली होती. हत्यारांत सॉकेट सेट, रिंग पाने, टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे, बिनसुईची इंजेक्शनची सिरिंज, चिकटपट्टी आणि धागे न सुटणारं स्वच्छ फडकं.

जुना काढताना

आदल्या संध्याकाळी मॅनिफोल्डच्या आणि सायलेन्सरच्या नटांवर स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ऑइल काढून घ्या. टर्बोला पाण्याच्या नळ्या असतील तर कूलंटही. इंजिन पूर्ण थंड असलं पाहिजे.

प्रत्येक जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मग वरचा उष्णतारोधक पत्रा, हवेचे दोन्ही पाइप, अ‍ॅक्च्युएटरची नळी, ऑइल पुरवठ्याची नळी, खालची ऑइल परतीची नळी, सायलेन्सरकडचा पाइप आणि शेवटी मॅनिफोल्डचे नट, या क्रमाने सुटं करा. जिथे तोंड उघडं पडेल तिथे लगेच चिकटपट्टी लावा. इंजिनात पडलेलं एक वायसर अख्ख्या कामाच्या खर्चाच्या दसपट भरतं.

नट जाम असेल तर जोर लावत राहू नका. किंचित घट्ट करा, मग सैल, पुन्हा घट्ट, असं करत तो हळूहळू सुटतो. स्टड तुटला आणि बाहेर थोडा आटा उरला असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवा. पृष्ठभागाशीच तुटला असेल तर मॅनिफोल्ड काढून खरादवाल्याकडे न्या, अंगणात ड्रिल मारत बसू नका.

का गेला, ते शोधा

इथे घाई करू नका. जुना टर्बो बाकावर ठेवा आणि त्याच्याकडून जबाब घेतल्यासारखं एकेक बघा. हवेकडच्या पात्यांच्या कडा झिजल्या असतील तर धूळ आत गेली, म्हणजे फिल्टर किंवा त्याचा डबा फुटका. पातं तुटलं असेल तर काहीतरी कडक आत गेलं. दांडा निळा-काळा पडला असेल तर ऑइल पोचलं नाही.

आमचा दांडा निळा पडला होता, दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी पुतण्याने ऑइलची जुनी नळी काढून डोळ्याला लावली आणि आकाशाकडे धरली. पलीकडे उजेड दिसला, पण सुईच्या नेढ्याएवढा. त्याने नळी फरशीवर आपटली तेव्हा तव्याच्या बुडाशी धरते तशा काजळीच्या कडक खपल्या पडल्या, आणि आत तार घातली तर ती मधल्या वळणापाशीच अडली. चांगल्या ऑइलने भरलेल्या इंजिनाला आम्ही नवा टर्बो जोडला होता, पण त्या नळीतून त्याच्यापर्यंत थेंब-थेंबच ऑइल पोचत होतं. ही काजळी साफ करायच्या भानगडीत पडू नका. एखादी खपली सुटून नव्या बेअरिंगमध्ये जाते.

परतीची नळीही बघा. ती सरळ उताराने खाली गेली पाहिजे, कुठे चेपलेली किंवा वर चढलेली नको. ऑइल त्यातून फक्त आपल्या वजनाने उतरतं. ती तुंबली की चांगला टर्बोसुद्धा सीलमधून गळायला लागतो. मग इंटरकूलर काढून उलटा करा. त्यात जुन्या टर्बोचं ऑइल साचलेलं असतंच. ते ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवा. पातं तुटलेलं असेल तर इंटरकूलर बदलाच, त्याच्या जाळीत अडकलेले तुकडे निघाल्याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

नवा बसवताना

दोन्ही फ्लँज (जोडाची सपाट तोंडं) खरवडून साफ करा. ऑइलच्या तोंडांना गॅस्केट पेस्ट लावू नका. घट्ट केल्यावर तिचा जास्तीचा भाग आत ढकलला जातो आणि तोच पुढे छिद्र बुजवतो. अ‍ॅक्च्युएटरच्या सळईला धरून टर्बो उचलू नका आणि तिच्यावरचा सेटिंगचा नट फिरवू नका.

सगळे नट आधी हाताने लावा, नंतर समोरासमोरचे जोडीने आवळा. किती आवळायचे ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तिथे अंदाज चालत नाही. ऑइल आणि फिल्टर नवे भरून घ्या. नळी जोडण्यापूर्वी सिरिंजने नवं ऑइल टर्बोच्या वरच्या छिद्रात हळूहळू सोडा आणि हवेकडचं चाक बोटाने फिरवत राहा. आधी ते कोरडं, खरखरीत फिरतं. मग एका क्षणी लोण्यातून फिरल्यासारखं मऊ होतं. तो मऊपणा बोटाला जाणवल्याशिवाय मी आता नळी जोडत नाही.

पहिला सेल्फ

बॅटरी जोडा, पण डिझेलचा पुरवठा तोडा. जुन्या पंपाच्या गाडीत डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर काढायची, नव्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या) गाडीत काय काढायचं ते मॅन्युअलमध्ये बघायचं. आता दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच डिझेल जोडून इंजिन सुरू करा. हे उघड्यावरच करा, बंद शेडमध्ये नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. जवळ एक लाकडी फळी ठेवा. इंजिन आपोआप पळायला लागलं तर हवेच्या पाइपाचं तोंड त्या फळीने बंद करायचं, हाताने किंवा फडक्याने कधीच नाही.

चार-पाच मिनिटं आयडलवर राहू द्या, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. सांडलेलं ऑइल आणि स्प्रे जळून थोडा धूर येईल, तो काही वेळात थांबतो. इंजिन थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा. पहिली फेरी रिकाम्या गाडीची, खंडवा रोडवर थोडं अंतर. त्या दिवशी घाटात माल भरून जाऊ नका.

काढलेलं काळं ऑइल डब्यात भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. ते नालीत ओतून आपण आपलंच पाणी खराब करतो.

आता आम्ही सिमरोलला चहाला थांबलो की गाडी दोन मिनिटं आयडलवर ठेवतो. पुतण्या चहा सांगायला जातो, मी गाडीतच बसतो, आणि तो ग्लास घेऊन परत आला की किल्ली फिरवतो. पाचशे किलोमीटर झाल्यावर टर्बोचा हवेकडचा पाइप एकदा काढून नट चिमटीत धरून बघा. आमचा आत-बाहेर जराही हलला नाही.