अशक्त किंवा पाय फाकलेल्या पिल्लाची शुश्रूषा

खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत एखादे मागे राहतेच. कोंबडी बाकीच्यांना घेऊन चरायला निघते आणि हे पिल्लू पंख खाली सोडून, डोळे मिटून डालग्यातच बसून राहते. ते पाहून घरातली माणसे घाईने त्याच्या चोचीत कण्या भरू लागतात. परंतु गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर दाणा, हा क्रम कटाक्षाने पाळावा. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला गेलेला असतो व त्यावर ते पहिले दोन दिवस तग धरू शकते, त्यामुळे दाण्याची घाई करण्याचे कारण नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने गोणपाट अंथरून एका कोपऱ्यावर पिवळा बल्ब टांगावा. पहिल्या आठवड्यात बल्बाखाली साधारण ३५ अंश सेल्सियस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी उतरवावे. खोक्याची दुसरी बाजू थंड ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिल्लाला सरकता येते. ज्याला सरकताच येत नाही, त्याच्याकडे मात्र वारंवार लक्ष द्यावे लागते. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर बल्ब वर घ्यावा, एकसारखा चिवचिवाट करीत असेल तर खाली. शक्य असल्यास एखादे शांत पिल्लू सोबतीला ठेवावे, पण ते टोचू लागले तर लगेच वेगळे करावे.

अंग गरम झाल्यावर कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून त्याचा थेंब चोचीच्या कडेला लावावा आणि पिल्लू स्वतः गिळेपर्यंत थांबावे. ड्रॉपरने घशात पाणी सोडल्यास ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली असल्यास ती ओढून काढू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसावी व जागा कोरडी करावी.

पायांची तपासणी पहिल्याच दिवशी करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्या वयात हाडे व सांधे कोवळे असतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात. अशा वेळी जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची अर्धा सेंटिमीटर रुंदीची फीत कापून, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या खाली एका पायाभोवती सैलसर गुंडाळावी, नैसर्गिक उभे राहण्याइतके म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर अंतर सोडून दुसऱ्या पायाभोवती न्यावी आणि मधल्या भागातील चिकट बाजू एकमेकींवर दाबून टाकाव्यात. पिल्लू सुरुवातीला तोंडावर पडते, म्हणून पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात गोटे टाकावेत. पट्टी रोज तपासावी. बोटे सुजलेली किंवा निळसर दिसल्यास तत्काळ सोडावी. लवकर बांधल्यास बहुधा दोन-चार दिवसांत पिल्लू सरळ उभे राहते.

बोटे आत मुडपलेली असतील तर कारण बऱ्याचदा जीवनसत्त्व ब-२ ची कमतरता असते; त्यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून जीवनसत्त्वाचे औषध द्यावे आणि बोटे सरळ करून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने बसवावीत. सांध्यामागची शीर घसरून पाय कडेला वळला असेल, तर ते सहसा बरे होत नाही, आणि वेदनेत तडफडणाऱ्या पिल्लाला ओढूनताणून जगवण्यापेक्षा पशुवैद्यकाकडून त्याची सुटका करवून घेणे अधिक दयेचे आहे. मोठ्या पिल्लांत अचानक लंगडेपणा आला, विष्ठेत रक्त दिसले किंवा मान वाकडी झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये; रोगाचा संशय धरून ते पिल्लू इतरांपासून दूर ठेवावे व दवाखाना गाठावा.

बरे झालेले पिल्लू रात्री अंधारात कोंबडीच्या पंखाखाली सरकवावे. पहाटे तिने त्याला टोचले, तर पुन्हा खोक्यात घ्यावे आणि पिसे येईपर्यंत वेगळेच वाढवावे.