सपाट गावातून डोंगरावरचं घर काढताना: नव्या आर्किटेक्टसाठी

सोलापुरात प्रॅक्टिस करणाऱ्याला डोंगर भेटायचं तसं कारण नाही. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, प्लॉटच्या दोन टोकांत फूटभर फरक निघाला तरी मिस्त्री "लेव्हल लई खराब आहे" म्हणून तक्रार करतो. पण इथल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांनी, डॉक्टरांनी पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला जागा घेऊन ठेवलेल्या असतात आणि बांधायची वेळ आली की ते गावातल्या ओळखीच्याच ऑफिसात येतात. माझ्याकडे अशी कामं त्याच वाटेने आली. बी.आर्क.ची पाच वर्षं संपवून नुकतीच नोकरीला लागलेली मुलं विचारतात की अशा घराची सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे: प्लॅनला हात लावू नका. आधी पाणी बघा, मग सेक्शन काढा, म्हणजे घर आणि जमीन उभी कापली तर दिसेल ते चित्र. प्लॅन त्यातून आपोआप निघतो.

पाण्याचा हिशेब आधी आकड्यांत समजून घ्या. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. म्हणजे आपलं अख्खं वर्ष तिथे एका दिवसात ओतलं गेलं. आपण गच्चीला दोन पाइप लावून निवांत झोपणारी माणसं, उन्हाळ्यात तर त्याच गच्चीवर झोपणारी. तिथे ती सवय चालत नाही. आणि 'महाबळेश्वरकडे' एवढ्यावरही थांबू नका. पाचगणी महाबळेश्वरापासून वीसेक किलोमीटरवर, पण डोंगराच्या आडोशाला. तिथला पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी. पसरणी घाट उतरून वाईत आलात की आणखी कमी. त्यामुळे नेमका प्लॉट कुठे आहे, त्यावर छपराचा उतार, पन्हळीची रुंदी, खिडकीचा प्रकार सगळं बदलतं.

जागा पहिल्यांदा बघायला क्लायंट मे महिन्यात नेतात. हवा छान असते, मुलांना सुट्टी असते. जा, पण पावसाळ्यात पुन्हा जाण्याचं तेव्हाच कबूल करून घ्या. अशाच एका जुलैमधल्या भेटीत आमच्या सर्व्हेच्या नकाशावर जिथे कोरडा, गुळगुळीत उतार होता, तिथे पिंडरीभर पाण्याचा ओहोळ धावत होता. शेजारच्या वाडीतले एक आजोबा इरलं घेऊन बांधावर उभे होते. आम्ही जिथे बैठकीची खोली धरली होती तिकडे काठी करून म्हणाले, "हितनंच जातंय दरसाली. आमच्या बापाच्या टायमापास्नं." टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने अर्ध्या-अर्ध्या मीटरचे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, बिनचूक काढले होते, त्यात खोट नव्हती; पण उन्हाळ्यातल्या मोजणीत पाण्याची वाट दिसत नाही. ती वाट तशीच मोकळी ठेवून घर नऊ मीटर बाजूला सरकवलं.

जमिनीखालचंही वेगळं. सोलापुरात आपला वैरी काळी माती: पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतीला तिरक्या चिरा पाडते. वर पठारावर जांभा, त्याखाली काळा पाषाण, आणि दोन्हींच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो. चिकणमाती ते खाली जाऊ देत नाही, मग ते आडवं वाहत उताराच्या अंगाने झऱ्यासारखं बाहेर पडतं. तुम्ही खोदाई केली आणि नेमका तो थर उघडा पडला, तर झरा तुमच्या तळघरात. म्हणून दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या स्केचपासून सोबत बसवा, आराखडा 'फायनल' झाल्यावर नाही. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं आपल्याकडे कुणाला वेगळी सांगावी लागत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येक गावाला वेगळं. महाबळेश्वर-पाचगणी पट्टा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे उंची, झाडतोड, उतारावरची खोदाई यांवर बंधनं आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही सर्वसाधारणपणे १:५ पेक्षा (पाच मीटरला एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधकाम बसत नाही. सातबारा, मोजणीचा नकाशा, बिनशेतीचा आदेश आणि 'वन' असा कुठे शेरा आहे का, एवढं हातात आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. क्लायंट म्हणतो, "ते बघून घेऊ की वो." नाही. ते आधी.

आता सेक्शन. एक सोपं गणित करून बघा. घराची खोली, म्हणजे उताराच्या दिशेची लांबी, १२ मीटर आहे आणि उतार १५ टक्के. घराच्या वरच्या आणि खालच्या कडेत १.८ मीटरचा फरक पडला. एकच सपाट जोतं धरलंत तर एक बाजू ९० सेंटिमीटर कापा, दुसरी ९० सेंटिमीटर भरा. त्याऐवजी घराचे सहा-सहा मीटरचे दोन भाग करून मधे ९० सेंटिमीटरची पातळी सोडली, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या, तर प्रत्येक भागात काप आणि भराव जेमतेम ४५-४५ सेंटिमीटर उरतो. माती अडवणारी राखणभिंत छोटी होते, खर्च उतरतो, झाडांची मुळं वाचतात. शिवाय वरच्या पातळीवर बसलेल्याला खालच्या खोलीतल्या माणसांच्या डोक्यावरून दरी दिसते. हे प्लॅनमध्ये कधीच सुचत नाही.

मॉडेल हाताने करा. आमच्या ऑफिसात टॉवेलच्या खोक्यांचा पुठ्ठा भरपूर मिळतो. एकेक कंटूर कापायचा, चिकटवायचा, आणि त्यावर घराचे ठोकळे सरकवत राहायचं. कॉम्प्युटरवर घर डोंगरात कितीही घुसवता येतं, तो तक्रार करत नाही. पुठ्ठ्यात घुसवायला ब्लेड लागतं. किती कापतोय ते बोटांना कळतं. क्लायंटलाही हेच समजतं. एका घरातल्या आजींनी रंगीत थ्री-डी चित्रांकडे पाहिलंही नाही. मॉडेलवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "माझी खोली कुठली? आणि तिथनं देवघरात जायला किती पायऱ्या?" त्या प्रश्नाने आराखडा फिरला. डोंगरावरच्या घरात रस्ता बहुतेक वर असतो, माणूस वरून घरात शिरतो आणि झोपायच्या खोल्या खाली जातात. आजींची खोली, देवघर आणि न्हाणी वरच, गाडी थांबते त्या पातळीवर ठेवली. तरुण मंडळी खाली.

वास्तूचा विषय निघणारच. शास्त्राप्रमाणे नैऋत्य उंच आणि ईशान्य सखल हवी. तुमच्या प्लॉटचा उतार पश्चिमेला असला की सल्लागार मान हलवतात आणि कुणीतरी भराव टाकून जमीनच उलटी करायचा उपाय सुचवतं. तो भराव दोन पावसाळ्यांत खाली शेजाऱ्याच्या रानात जातो. यावर वाद घालत बसू नका. स्वयंपाकघर, देवघर, झोपायची दिशा हे सगळं सहसा जमवता येतं. जमिनीच्या उताराला हात लावणार नाही एवढं मात्र पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती काचेवरून. क्लायंट फोनमध्ये फोटो घेऊन येतात: पाइनची झाडं, दुमजली काच, आत शेकोटी. ती घरं बर्फाच्या मुलखातली. तिथे काचेतून येणारं ऊन हवंहवंसं असतं. आपलं डोंगरावरचं घर सोलापूरच्याच अक्षांशावर, जवळपास १८ अंशांवर. मे महिन्याच्या मध्यात तिथेही दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. हवा गार, ऊन तेच. त्यातून ज्या पश्चिमेला दरीचं दृश्य, त्याच पश्चिमेने पावसाची झड येते. एखादा हटकून फॉलिंगवॉटरचा फोटो दाखवतो. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं ते घर बघण्यासारखंच आहे, पण त्याचे बाहेर काढलेले सज्जे वाकत गेले आणि २००२ मध्ये आत पोलादी केबल ओढून त्यांना आधार द्यावा लागला, हेही सांगायला हरकत नाही.

एका घराला आम्ही पश्चिमेला २.४ मीटर खोल व्हरांडा घेतला आणि त्याच्या छपराची बाहेरची कड २.१ मीटरवर खाली आणली. शेठ नाराज. "मॅडम, एवढे पैसे घालून घर बांधालोय, आन् छप्पर एवढं खाली?" मी त्यांना ऑफिसातच खुर्चीवर बसवलं, डोळ्यांची उंची मोजली. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरच्या आतच. दरी खाली आहे, वर नाही. छप्पर खाली आणल्याने जातं ते पांढरं, डोळे दिपवणारं आकाश. दरी आहे तशी राहते. मे महिन्यातलं चारचं ऊन त्या व्हरांड्यात अडकतं आणि ४५ अंशांत येणारी झड भिंतीच्या अलीकडेच जमिनीवर पडते. वादळात ती याहून आडवी येते, म्हणून व्हरांड्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, खोलीपेक्षा फरशी ५० मिलिमीटर खाली ठेवायची, आणि सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांऐवजी रबराची पट्टी दाबून बंद होणाऱ्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या घ्यायच्या. सरकत्या खिडकीच्या खाचेत पाणी साचतं आणि वारा ते आत फुंकतो. पूर्वी महाबळेश्वरला लोक पावसाळ्याआधी बंगल्याच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधून घर झाकून टाकायचे. आता तेवढी मेहनत कुणी घेत नाही, म्हणून ते काम छपराने करायचं.

एक प्रश्न नवी मुलं हमखास विचारायला विसरतात: इथे राहणार कधी? बहुतेकांचं उत्तर मे आणि दिवाळी. उरलेले महिने घर कुलूपबंद, आणि त्यातले चार धुक्यात. चादरी, गाद्या, कपाटं सगळ्यांना बुरशी. मग कपाटं बाहेरच्या भिंतीला लावायची नाहीत, भिंतीत वर जाळीच्या झडपा ठेवायच्या म्हणजे कुलूप असतानाही हवा खेळती राहते. घर कोण उघडणार, पन्हळीतला पाला कोण काढणार, तेही ड्रॉइंगइतकंच आधी ठरवायचं.

प्रत्यक्ष कामात राखणभिंतीवर डोळा ठेवा. तिच्यामागे पाणी साचलं की भिंतीवरचा दाब जवळपास दुप्पट होतो. म्हणून मागे खडीचा थर आणि भिंतीला पाणी निघायची भोकं. ड्रॉइंगमध्ये ती असतातच. साइटवर मिस्त्री पाइप टाकतो आणि पुढचं काँक्रीट ओतताना तो बुजतो. एकेका पाइपात सळई घालून बघायची, मगच बिल पास करायचं. कामाचे महिनेही मोजकेच, ऑक्टोबर ते मे. छप्पर जूनच्या आधी चढलं नाही तर सगळं पुढच्या दिवाळीवर जातं, आणि बाजूला रचलेलं सिमेंट दगड होतं.

फीचं बोलणं सुरुवातीलाच, टप्प्याटप्प्याने, लेखी. सोलापूरहून अकलूज-फलटणमार्गे तिथे पोचण्यातच अख्खा दिवस जातो, त्यामुळे साइटच्या फेऱ्या आणि मुक्काम फीमध्ये गुंडाळू नका, वेगळे लिहा. सर्व्हे, माती परीक्षण आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पैसे क्लायंटने थेट द्यायचे. स्थानिक साइट सुपरवायझर हवाच. त्याने रोज संध्याकाळी फोटो पाठवायचे, आणि पाऊस सुरू झाला की राखणभिंतीमागचा फोटो आधी.